गाळ न लागलेली विजार

"ही विजार मी धुणार नाही."

"का? एवढी काय मळलीय ती?"

"मळलेली नाही, म्हणूनच धुणार नाही! जी वस्तू मळतच नाही ती धुवायची कशाला? घडी घाला, कपाटात ठेवा, उद्या परत चढवा. साबण तरी वाचेल."

"अगं, उद्या माझा सत्कार आहे. आजच्या दिवस तरी तोंडाला कुलूप लाव."

"उद्या सत्कार आहे म्हणून तर आज बोलून घेते. परवापासून तुम्ही मोठे माणूस. आमच्याशी बोलाल की नाही, कोण जाणे."

तिने विजार दोन्ही हातांनी खिडकीसमोर धरली. संध्याकाळचं ऊन कापडातून आरपार आलं. गुडघ्यावर डाग नाही, पोटऱ्यांवर शिंतोडा नाही, इस्त्रीची रेघ जागच्या जागी. आठवडाभर खाणीच्या पोटात राहून आलेली विजार होती ती.

"पंपावर गेला होतात की लग्नाला?"

"मी नीटनेटका माणूस आहे. सगळ्या खाणीला ठाऊक आहे."

"हौद शेवटचा कधी उपसलात?"

"रोज उपसतो."

"पाणी नव्हे. गाळ."

तो आरशाकडे वळला. मिशीवरून कंगवा फिरवला, छाती फुगवली आणि उद्याचं भाषण पहिल्यापासून म्हणायला घेतलं. "आदरणीय पाहुणे, मॅनेजरसाहेब, आणि माझ्या कष्टकरी बांधवांनो! पाणी हे माणसाच्या मनासारखं असतं..."

"उथळ पाण्याला खळखळाट फार," ती म्हणाली आणि विजार त्याच्या खांद्यावर टाकून चुलीकडे गेली.

खाणीवर त्याला सगळे निवळशंख म्हणत. पाणी आरशासारखं स्वच्छ असलं की आपण म्हणतो ना, तसं. त्याच्या पंपातून वर येणारं पाणी तसं असे, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. बायको घरात नुसतं शंख म्हणे. तिला स्वतःला वस्तीत पंपीणबाई म्हणत, कारण बाप पंपावर आणि नवराही पंपावर. माहेर आणि सासर दोन्हीकडून ती एकाच हौदाची लेक-सून होती.

कोळशाची खाण म्हटलं की लोकांना कोळसा दिसतो. पंपीणबाईला लहानपणापासून दिसायचं ते पाणी. जमिनीखाली खणत गेलं की भिंती पाझरतात, छत ठिबकतं, पायाखालून झरे फुटतात. ते सगळं पाणी नाल्यांनी वाहत एका खोल हौदात येतं, तिथून पंप ते खेचतो आणि जाड नळाने वर फेकतो. वर एक तळं आहे, तिथे ते थोडं थांबतं आणि मग ओढ्याला लागतं. पंप थांबला की पाणी थांबत नाही, ते येतच राहतं. तेवढा वेळ त्याला मावून घ्यायला हौद असतो. म्हणून हौद रिकामा ठेवायचा, आणि रिकामा म्हणजे तळापर्यंत रिकामा. पाण्याबरोबर कोळशाची भुकटी येते, चिकणमाती येते आणि तळाशी बसते. ती काढली नाही तर हौद नावाला हौद. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

तिचा बाप हा गाळ काढायचा. हौदाचे दोन कप्पे होते. एकात पाणी घ्यायचं आणि दुसरा कोरडा करून त्यात कमरेपर्यंत उतरायचं, घमेल्याने गाळ उपसायचा आणि कोळशाच्या डब्यांतून वर धाडायचा. घरी आला की तो दारातच उभा राहायचा. आई आधी दोन बादल्या पाणी ओतायची, मग आतून माणूस निघायचा. त्याच्या विजारी धुताना आईची बोटं काळी पडायची आणि लग्नाकार्यात ती हात पदराखाली लपवायची. तळावर हात फिरवून दगड लागला की बाप म्हणायचा, "झाला मोकळा."

मोकळा या शब्दाला खाणीत मोठी किंमत होती. पंप काही कामासाठी बंद करायचा झाला तर आधी पंपवाल्याने हौदाच्या खाली काम करणाऱ्यांना स्वतः फोन करायचा आणि दोन शब्द म्हणायचे, "हौद मोकळा." ते ऐकले की खालची माणसं निर्धास्त काम चालू ठेवत. पंपवाला ते बोलला नाही तर हत्यारं उचलून वर चालू लागत. का, कसं, कोणी सांगितलं, असलं काही विचारायचं नाही. मॅनेजरने सांगितलेलं त्यात चालत नसे. आवाज पंपवाल्याचाच हवा.

ह्या घरात शंख जावई म्हणून आला आणि सासऱ्यामागून पंपावर बसला. पहिली काही वर्षं तोही काळा होऊन यायचा, कण्हायचा, कुरकुरायचा. मग एके दिवशी आळसाने त्याच्यावर कृपा केली. पंपाचा पाणी ओढणारा पाइप हौदात साखळीने टांगलेला असतो. त्याचं जाळीचं तोंड जितकं खाली, तितकं गढूळ पाणी वर. त्या दिवशी साखळी खाली सोडायचा शंखाला कंटाळा आला. तोंड वरच्या निवळ पाण्यात लोंबकळत राहिलं. आणि नेमका त्याच दिवशी कोणी बडा साहेब तपासणीला आला, तळ्यापाशी नळाच्या तोंडाखाली हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाला, "वा! निवळशंख! कोण आहे पंपावर?"

झालं. ज्या नावासाठी सासऱ्याने कंबर मोडली ते नाव ह्याला साखळीची एक कडी वर अडकवून मिळालं. मग गाळ वर चढला की कडी वर. पुन्हा चढला, पुन्हा कडी. हाच ह्याचा पराक्रम.

बरं, एकट्याचा म्हणावा तर तसंही नाही. तळ्यावर एक राखणदार होता, तळेवाला. पूर्वी त्याला तळ्यातला गाळ काढावा लागे. तळे राखी तो पाणी चाखी म्हणतात. ह्याने तळ्याकाठी बाज टाकली आणि झोप चाखली. ओढ्याकाठच्या लोकांची गाऱ्हाणी थांबली. मॅनेजरच्या भिंतीवर स्वच्छ पाण्याची मानपत्रं चढली. टेबलावर काचेच्या बरणीत खाणीचं पाणी ठेवलेलं असे आणि येईल त्याला तो त्यातून पलीकडची खिडकी दाखवत असे. एवढी शहाणीसुरती माणसं, पण आधी रोज डबे भरून निघणारा गाळ आता कुठे जातो, हे विचारायला एकालाही सवड झाली नाही.

पंपीणबाईला ठाऊक होतं. ती धुणं धुवायची. सुरुवातीला विजारी स्वच्छ येऊ लागल्या तेव्हा तिनेही सुटकेचा श्वास टाकला होता, आपली बोटं आईसारखी होणार नाहीत म्हणून. हे ती कोणाला सांगत नसे. एकदा शंखच खुशीत येऊन म्हणाला, "दुसऱ्या कप्प्यावर आता फळी टाकलीय. डबा खायला झकास जागा झाली." कप्पा गाळाने काठोकाठ भरला होता आणि हा त्यावर मांडी घालून जेवत होता. त्या दिवशी तिचा घास हातातच राहिला.

तरी इतकी वर्षं रेटलं, कारण बापाच्या वेळच्या खालच्या गल्ल्या कधीच संपल्या होत्या आणि हौदाच्या खाली कोणी नव्हतं. यंदा खाणीने आणखी खाली उतरायला घेतलं. हौदापासून उतारावर नवी गल्ली निघाली. त्या गल्लीतली वाट एकच, जायची तीच आणि यायचीही तीच. हौद भरून सांडला तर पाणी त्याच वाटेने खाली उतरणार. आणि त्या गल्लीत काम करणाऱ्या टोळीत तिचा जावई होता.

तोच आता दारात उभा होता, हातात बुटांच्या पॉलिशची डबी घेऊन.

"मामा, बूट द्या. उद्या तुमचे बूट मी चमकवणार."

"अरे, असू दे, असू दे," शंख म्हणाला आणि दोन्ही बूट पुढे केले.

जावई उंबऱ्यावर बसला, बूट उलटसुलट करून पाहिला आणि हसला. "मामी, बघा तरी! ह्याला पॉलिश काय करायचं? आमचे बूट बघा, चिखलात जन्मलेत. आणि मामांचे बघा. माणूस हौदावर काम करतो की हवेत?"

"हवेतच," ती म्हणाली. "चहा घे."

"उद्याचं कळलं ना? सत्कार झाला की पाहुण्यांच्या हस्ते नवा पंप. त्याचा नळ जोडायचा म्हणून जुना पंप सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद. आम्हाला सुट्टी नाही. मॅनेजर म्हणाला, हौद मोकळा आहे, दिवसभराचं पाणी मावेल, तुम्ही काम चालू ठेवा."

"कोण म्हणालं हौद मोकळा आहे?"

"मामाच. दुसरं कोण सांगणार?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा चहाच्या पेल्यात पाहत होता, जणू तिथेही तळ दिसतो का ते बघत होता.

"आणि मामी, गंमत सांगतो. तो फोन मामा स्टेजवरून करणार! स्पीकरवर, सगळ्या सभेला ऐकू जाईल असा. खाली फोनपाशी मी बसणार, मागून घेतलंय मी. घरी आज तुमची लेक दिवसभर सगळ्यांना सांगतेय, माझ्या बाबांचा आवाज माझा नवरा ऐकणार."

"मावेल का रे तेवढं पाणी?"

"मामी, तुम्हीसुद्धा! मामांचा हौद आहे तो. तळाचा दगड दिसत असेल."

"काय हो," ती नवऱ्याला म्हणाली, "दिसतो का दगड?"

"हं," शंख म्हणाला. एवढा बोलका माणूस, पण तोंडात मिठाची गुळणी.

जावई गेला. बूट उंबऱ्यावर शेजारी शेजारी चमकत राहिले. दाराची कडी लावून ती तशीच पाठ टेकून उभी राहिली.

"आत्ताच्या आत्ता मॅनेजरकडे जा. सांगा, हौदात गुडघाभरसुद्धा पाणी मावायचं नाही."

"ओरडू नकोस. भिंती पातळ आहेत."

"भिंतींची चिंता आहे! पंप बंद झाला की हौद सांडायला जेवणाची सुट्टीसुद्धा व्हावी लागणार नाही. मग पाणी कुठे जाईल?"

"थोडं उतरेल खाली. घोटे भिजतील. पोरं तरुण आहेत, पटापट वर येतील."

"कुठून येतील? वाट एकच आहे ना? समोरून पाणी येणार आणि त्यातून ती वर येणार? पोहत? माझा बाप त्या खाणीत राबलाय, मला शिकवू नका. पाणी शिरलं की दिवे जातात. अंधारात, उतारावर, पायाखाली चिखल. तुमचाच चिखल!"

"हे बघ, माझे निवृत्तीला थोडे दिवस राहिलेत. सत्कार होऊ दे, नवा पंप सुरू होऊ दे. नव्या पंपाचा जोर मोठा आहे, सगळा गाळ ओढून टाकेल. कोणाला कळायचंही नाही."

"म्हणजे नव्या पंपावर तुमची जुनी पापं. आणि तोवर?"

"तोवर काही होत नाही. इतकी वर्षं काय झालं?"

"इतकी वर्षं खाली कोणी नव्हतं."

त्याने इस्त्री काढली, विजार टेबलावर पसरली आणि आधीच सरळ असलेली रेघ पुन्हा सरळ करायला घेतली. ती पाहत राहिली. ह्या माणसाचा तिला राग येत नव्हता. राग यायला समोर काहीतरी घट्ट लागतं. हा सगळाच वरचा, निवळ, आरपार दिसणारा.

सकाळी कॅन्टीनच्या मोठ्या खोलीत बाकं मांडली होती. जेवणाची टेबलं एकमेकांना जोडून, वर कापड टाकून स्टेज केलं होतं. स्टेजवर खुर्च्या, फुलदाणी, फोन, त्याला जोडलेला कर्णा, आणि मधोमध ती बरणी. शंख सर्वांच्या आधी येऊन बसला होता, पायावर पाय न टाकता. रेघ मोडेल म्हणून.

पंपीणबाईने दारातच मॅनेजरला गाठलं.

"साहेब, तुम्ही हौदात उतरून पाहिलंत का कधी?"

"वहिनी, वर आलेलं पाणी बघितलं की खाली उतरायची गरज काय? हीच तर तुमच्या यजमानांची करामत."

"हौद गाळाने भरलाय. पंप बंद करायच्या आधी खालच्या पोरांना वर घ्या."

मॅनेजरचं हसू जागेवरच होतं, पण डोळ्यांतून निघून गेलं. त्याने काय म्हणता असं विचारलं नाही, कोणी सांगितलं असंही विचारलं नाही. त्याने फक्त बाहेर नजर टाकली. पाहुण्यांची गाडी फाटकातून आत येत होती.

"वहिनी, आज नको. आपण उद्या निवांत बोलू. तुम्ही पहिल्या रांगेत बसा ना. जागा राखलीय तुमच्यासाठी."

म्हणजे ह्यालाही ठाऊक होतं! तिला हसू फुटलं, तेही कडू. सगळी खाण एकाच फळीवर बसून डबा खात होती.

पाहुणे आले, गोरेगोमटे, कोळशाच्या गावात पांढरे कपडे घालून. त्यांनी बरणी उचलून उजेडात धरली, टाळ्या झाल्या. मानचिन्ह दिलं, टाळ्या झाल्या. तळेवाला सगळ्यांत जोराने वाजवत होता. बाजेचं ऋण फेडत होता बहुतेक. शंखाने पाणी हे माणसाच्या मनासारखं असतं इथून सुरुवात केली आणि बरंच वाहवत गेला. मग पाहुण्यांना काय लहर आली, कोण जाणे. म्हणाले, "अशा पुरुषामागे एक स्त्री असते. त्यांनीही दोन शब्द सांगावेत."

मॅनेजर "वेळ कमी आहे" म्हणेपर्यंत ती उठली होती आणि माईक तिच्या हातात होता.

"मी काय सांगणार? मी ह्यांचे कपडे धुते," ती म्हणाली. खोलीत हसू पसरलं. "माझा बाप ह्याच हौदावर होता. त्याची विजार धुताना माझ्या आईच्या नखांत गाळ जायचा. तो निघायचा नाही. आणि ह्यांच्या विजारीला..." ती थांबली, नवऱ्याकडे वळली. "ह्यांच्या विजारीला इतक्या वर्षांत गाळाचा एक डाग मी पाहिला नाही. एकही नाही. म्हणून मी सांगते, हौद..."

पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाकं वाजली. "क्या बात है!" पाहुणे म्हणाले. मॅनेजरने हसत हसत माईक तिच्या हातातून सोडवून घेतला. "ऐकलंत? डाग नाही! ह्याला म्हणतात स्वच्छ काम!"

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता, स्टेजवरच्या खुर्चीत. त्याला एकट्याला कळलं होतं ती काय म्हणाली ते. तिला बसा बसा म्हणत होते. ती बसली नाही. पहिल्या रांगेपुढे, त्याच्या अगदी समोर, दोन्ही हात पोटाशी धरून उभी राहिली.

"आणि आता," मॅनेजर घाईने म्हणाला, "आपल्या खाणीची जुनी रीत. पंप थांबवण्याआधी पंपवाल्याचे दोन शब्द."

फोन लावला गेला. कर्णा खरखरला. जमिनीखालून, अंधारातून, एक हसरा आवाज आला.

"हॅलो! मामा? आम्ही सगळे फोनपाशी जमलोय. वर टाळ्या वाजल्या असतील ना! बोला, मामा. हौद मोकळा?"

शंखाने फोन कानाला लावला. दुसऱ्या हातात ती बरणी होती. पाहुण्यांनी कधी दिली, ते त्याच्या ध्यानातही नव्हतं. त्याने तोंड उघडलं. ह्या तोंडातून कुठल्याही सभेत कधी शब्द अडला नव्हता.

"अहो, बोला!" मॅनेजर दातांमधून म्हणाला. "दोनच शब्द!"

"भरून आलंय त्यांना," पाहुणे कौतुकाने म्हणाले.

"मामा? ऐकू येतंय ना? मोकळा म्हणू ना आम्ही?"

बरणीतलं पाणी हलत होतं. त्यातून त्याला समोर उभी असलेली बायको दिसत होती, वाकडीतिकडी. त्याने बरणी खाली ठेवली, मग ती सरळ दिसली. त्याने फोनही ठेवला. जागेवर नाही, बरणीशेजारी, उताणा. आणि तो स्टेजवरून उतरला. मानचिन्ह खुर्चीवरच राहिलं.

"कुठे निघालात? अहो, पंपवाले! निवळशंख!" मॅनेजर फोनकडे झेपावला. "हॅलो, मी मॅनेजर बोलतोय, हौद अगदी..."

"तुम्ही नका बोलू, साहेब," कर्णा म्हणाला. आता त्या आवाजात हसू नव्हतं. "मामांना द्या."

कर्ण्यात नुसती खरखर झाली. मग खालून, फोनपासून तोंड फिरवून दिलेली हाक ऐकू आली, "बोलत नाहीयेत रे! उचला हत्यारं. सगळे वर चला. चला, चला!"

तो बाकांच्या मधून चालत तिच्यापर्यंत आला होता. तिच्या शेजारून गेला, पाहिलं नाही. दारातून सरळ समोर खाणीचं तोंड दिसत होतं, आणि कडेला भिंतीशी टेकवलेली फावडी, घमेली. चालता चालता तो वाकला आणि त्याने एक फावडं उचललं.

"अहो," तिने मागून आवाज दिला, "इस्त्रीची विजार आहे ती. मळेल!"

तो उन्हात बाहेर पडला आणि चालत राहिला.